पॅरिसमधील सामायिक वाहतूक सेवा

पॅरिसमधील सामायिक वाहतूक सेवा म्हणजे फ्रान्सची राजधानी पॅरिस व तिच्या लगतची उपनगरे येथे इ.स. २००७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या, अल्पकाळासाठी भाड्याने मिळणाऱ्या वाहनांच्या सेवा होत. त्यांत सायकली, विद्युत् मोटारी, बसून चालवायच्या विद्युत् स्कूटर आणि उभ्याने चालवायच्या विद्युत् किक-स्कूटर यांचा समावेश होतो. वाहन वापरणाऱ्याच्या मालकीचे नसते. ते रस्त्यावरून घ्यायचे, इच्छित ठिकाणी न्यायचे आणि तेथेच दुसऱ्यासाठी सोडून द्यायचे, असे या सेवांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

सुमारे दीड दशकात पॅरिसने अशा सेवांच्या जवळजवळ सर्व व्यवस्था अनुभवल्या. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी सायकल सेवा, सार्वजनिक कराराने खासगी उद्योगसमूहाकडे सोपविलेली मोटार सेवा, कोणत्याही परवान्याविना रस्त्यावर अवतरलेल्या किक-स्कूटर, पुढे त्यांच्यावर घातलेली संख्येची मर्यादा आणि अखेरीस नागरिकांच्या मतदानाने झालेली बंदी, असा हा क्रम आहे. यांपैकी ‘वेलिब’ ही सायकल सेवा टिकली. ‘ओतोलिब’ ही मोटार सेवा २०१८ मध्ये आणि भाड्याच्या किक-स्कूटर २०२३ मध्ये बंद झाल्या. तिन्ही प्रकरणांतील वाद वरवर वेगळे दिसले तरी मूळ प्रश्न एकच होता: रस्ता व पदपथ या सार्वजनिक जागेचा वापर खासगी सेवेने कोणत्या अटींवर करावा आणि तोटा झाल्यास तो कोणी सोसावा.

पार्श्वभूमी

सामायिक सायकलीची कल्पना पॅरिसची नव्हे. १९६५ मध्ये अॅमस्टरडॅममधील ‘प्रोव्हो’ या बंडखोर तरुणांच्या गटाने पांढऱ्या रंगाच्या, कुलूप नसलेल्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर ठेवाव्यात अशी योजना मांडली. तिचे जनक लुड शिमेलपेनिंक हे होते. पोलिसांनी त्या सायकली जप्त केल्या आणि योजना मूळ रूपात उभी राहू शकली नाही. शिमेलपेनिंक यांनीच पुढे १९७४ मध्ये ‘विटकार’ ही छोटी सामायिक विद्युत् मोटार अॅमस्टरडॅममध्ये आणली. म्हणजे सामायिक आणि विद्युत् या दोन्ही कल्पनांचा संयोग मोबाइल फोनच्या कितीतरी आधीचा आहे. त्याच वर्षी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ला रोशेल या शहरात महापौर मिशेल क्रेपो यांच्या पुढाकाराने पिवळ्या सायकली नागरिकांना उपलब्ध झाल्या.

कोपनहेगनमध्ये १९९५ साली नाणे टाकून सायकल सोडविण्याची पद्धत आली. नाणे अनामत म्हणून अडकून राही, परंतु सायकल कोणी नेली हे कळत नसे, त्यामुळे चोरीला आळा बसला नाही. ही उणीव फ्रान्समधील रेन या शहराने १९९८ मध्ये दूर केली. तेथे प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र कार्ड देण्यात आले आणि प्रत्येक फेरी एका ओळखीशी जोडली गेली. आजच्या माहितीआधारित वाहतूक सेवांचा आरंभ खऱ्या अर्थाने येथे होतो. मे २००५ मध्ये ल्यों शहरात ‘वेलोव्ह’ ही सेवा मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि तिच्या यशानंतर पॅरिसने तोच मार्ग स्वीकारला.

वेलिब

महापौर बेर्त्राँ दलानोए यांच्या कारकिर्दीत १५ जुलै २००७ रोजी वेलिब सेवेचा प्रारंभ झाला. ‘वेलो’ म्हणजे सायकल आणि ‘लिबेर्ते’ म्हणजे स्वातंत्र्य या दोन फ्रेंच शब्दांच्या जोडातून हे नाव तयार झाले. आरंभी सुमारे ७५० स्थानके आणि १०,००० सायकली होत्या. त्यांची संख्या झपाट्याने वाढली. दोन स्थानकांतील अंतर साधारणपणे ३०० मीटर ठेवण्यात आले. वर्गणीदाराला प्रत्येक फेरीची पहिली ३० मिनिटे विनामूल्य असत, त्यामुळे सायकल जवळ ठेवून घेण्यापेक्षा लगेच परत करण्याकडे कल राही.

सेवेचा खर्च जेसेदको या बाह्य जाहिरात क्षेत्रातील फ्रेंच कंपनीने उचलला. त्या मोबदल्यात तिला शहरातील १,६२८ जाहिरात फलकांचे हक्क मिळाले, तर भाड्याचे उत्पन्न महापालिकेकडे जात असे. महापालिकेच्या तिजोरीवर थेट भार न पडता सेवा मिळते, असे या रचनेचे कौतुक झाले. प्रत्यक्षात शहराने आपल्या भिंती आणि चौक विकून सायकली घेतल्या होत्या. सौदा किफायतशीर होता की नाही हे जाहिरातींच्या मूल्यावर अवलंबून होते. चोरी व नासधूस अपेक्षेपेक्षा फार अधिक झाल्यावर कराराच्या अटी बदलून त्या नुकसानीचा काही वाटा महापालिकेने स्वीकारला.

स्थानकाधारित सेवेची सर्वांत चिवट अडचण सायकलींच्या विषम वाटपाची असते. सकाळी लोक निवासी भागांतून मध्यवर्ती भागाकडे येतात, तेव्हा एकीकडची स्थानके रिकामी होतात आणि दुसरीकडे सायकल लावायला जागा उरत नाही. पॅरिसमध्ये यात उंचसखलपणाची भर पडते. माँमार्त्र, बेलव्हिल यांसारख्या टेकड्यांवरून सायकलने उतरणारे पुष्कळ. परंतु सुमारे २२ किलो वजनाची सायकल पुन्हा वर चढविण्याची हौस थोड्यांनाच. ट्रकमधून सायकली वाहून नेणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय होता. त्याच्या जोडीला २००८ पासून उंचावरील स्थानकांवर सायकल परत करणाऱ्यास १५ मिनिटांचा जादा विनामूल्य वेळ देण्यात येऊ लागला. वापरणाऱ्यांनी आपली एक खूणही रूढ केली: नादुरुस्त सायकलीची बैठक उलटी फिरवून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाचा वेळ वाया जात नाही. हा संकेत कोणत्याही नियमावलीतून आलेला नाही.

जेसेदकोचा करार २०१७ च्या अखेरीस संपला. नव्या निविदेत स्मोव्हेन्गो या कंपनीसमूहाची निवड झाली. तिच्या प्रस्तावात सुमारे ३० टक्के सायकली विद्युत् साहाय्याच्या असणार होत्या आणि सेवेचा विस्तार उपनगरांत होणार होता. त्यासाठी जुनी स्थानके उखडून नवी बसविणे आवश्यक ठरले, आणि हे काम सेवा चालू असतानाच करायचे होते. १ जानेवारी २०१८ रोजी ठरलेल्या सुमारे ६०० स्थानकांपैकी अगदी थोडीच कार्यान्वित झाली. अनेक स्थानकांना वीजजोडणी मिळालेली नव्हती; ती तात्पुरत्या बॅटऱ्यांवर चालविली गेली आणि तेथे विद्युत् सायकलींचे चार्जिंग होईना. सायकली न सुटणे, परत केल्याची नोंद न होणे अशा तक्रारी वाढल्या. त्यातच कामगारांचा संपही झाला आणि वर्गणीदार मोठ्या संख्येने सेवा सोडून गेले. हा काळ पॅरिसमध्ये ‘वेलिबचे संकट’ म्हणून ओळखला जातो. महापौर आन इदाल्गो यांच्या प्रशासनावर त्याबद्दल कडाडून टीका झाली.

सेवा सावरायला वर्षाहून अधिक काळ लागला. डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्तिवेतन सुधारणेच्या विरोधात मेट्रो व रेल्वे कर्मचाऱ्यांनी दीर्घ संप केला, तेव्हा वेलिबचा वापर एकदम वाढला. २०२० मध्ये कोविड साथीच्या काळात महापालिकेने रिव्होली मार्गासारखे प्रमुख रस्ते सायकलींसाठी मोकळे केले आणि त्याचाही लाभ सेवेला मिळाला. नव्या वेलिबमधील हिरव्या सायकली साध्या, तर निळ्या विद्युत् आहेत. त्यांच्या संख्येचे परस्परप्रमाण हा पुढेही चर्चेचा विषय राहिला. विद्युत् सायकलींना मागणी अधिक, पण त्यांची झीज व देखभालही अधिक.

ओतोलिब

५ डिसेंबर २०११ रोजी ओतोलिब ही सामायिक विद्युत् मोटारींची सेवा सुरू झाली. पॅरिस व परिसरातील नगरपालिकांच्या संयुक्त मंडळाने ती बोलोरे या उद्योगसमूहाकडे २०२३ पर्यंतच्या कराराने सोपविली होती. ‘ब्लूकार’ नावाच्या करड्या रंगाच्या, चार आसनांच्या या मोटारीची रचना पिनिनफारिना या इटालियन संस्थेशी सहकार्याने झाली. मोटार एका स्थानकावरून घेऊन दुसऱ्या स्थानकावर सोडता येई आणि तेथील जागा आधीच राखून ठेवण्याची सोय होती. गर्दीच्या पॅरिसमध्ये गाडी लावण्यास हमखास जागा मिळणे हेच अनेकांच्या दृष्टीने सेवेचे खरे आकर्षण होते.

बोलोरे समूहाचा हेतू केवळ मोटारी भाड्याने देण्याचा नव्हता. समूहाने विकसित केलेल्या लिथियम-धातू-पॉलिमर बॅटरीचे जगापुढे प्रात्यक्षिक घडविणे हाही होता. ही बॅटरी कार्यक्षम राहण्यासाठी तिचे तापमान ६० अंश सेल्सियसहून अधिक ठेवावे लागते, त्यामुळे उभी गाडी चार्जिंगच्या खांबाला जोडूनच ठेवणे भाग होते. परिणामी प्रत्येक गाडीमागे खांब, जागा आणि वीज यांची गुंतवणूक अनिवार्य झाली.

सेवेच्या भरात सुमारे ४,००० मोटारी आणि दीड लाखाच्या आसपास वर्गणीदार होते. तथापि वर्गणीदार वाढूनही प्रत्येकाचा वापर घटत गेला. योगायोग असा, की उबर ही कंपनी पॅरिसमध्ये आली तीही डिसेंबर २०११ मध्येच. अॅपवरून बोलाविलेली चालकासह मोटार स्वस्त झाली, तेव्हा स्वतः गाडी चालवून ती स्थानकापर्यंत पोहोचविण्याचे आकर्षण कमी झाले. मोटारींच्या अस्वच्छतेबद्दलही तक्रारी होत्या. मालकाची काळजी आणि भाडेकरूची बेफिकिरी यांतील अंतर सामायिक वाहनात उघडे पडते.

मूळ करारानुसार ६ कोटी युरोपर्यंतचा तोटा बोलोरे समूहाने आणि त्यापुढचा नगरपालिकांनी सोसायचा होता. २०१८ मध्ये समूहाने २०२३ पर्यंतचा एकूण तोटा २९.३६ कोटी युरो होईल असे कळविले आणि उर्वरित रकमेची मागणी केली. संयुक्त मंडळाने हा अंदाज अमान्य करून २१ जून २०१८ रोजी करार रद्द करण्याचा ठराव केला आणि ३१ जुलै रोजी सेवा थांबली. नुकसानभरपाईचा वाद पुढे न्यायालयात गेला. अनेक मोटारी जुन्या बाजारात विकल्या गेल्या. चार्जिंगचे खांब मात्र वाया गेले नाहीत. त्यांच्या जागा ‘बेलिब’ या सार्वजनिक चार्जिंग जाळ्यात सामावून घेण्यात आल्या. त्यानंतर महापालिकेने सामायिक मोटारींसाठी एकच संचालक न नेमता रस्त्यालगतच्या राखीव जागा अनेक कंपन्यांना शुल्क घेऊन देण्याचे धोरण स्वीकारले. तोट्याची हमी देण्याचे तिने पुन्हा मान्य केले नाही.

स्थानकाविना सायकली

ऑक्टोबर २०१७ मध्ये हाँगकाँगच्या गोबी कंपनीने पॅरिसमध्ये हिरव्या सायकली आणल्या. त्यांना स्थानक नव्हते. मोबाइल अॅपवरून कुलूप उघडायचे आणि फेरी संपल्यावर सायकल कोठेही ठेवायची. पाठोपाठ ओफो व मोबाइक या चिनी कंपन्याही आल्या. याच सुमारास या दोन कंपन्यांनी पुण्यातही सायकली उतरविल्या होत्या, हे मराठी वाचकांना स्मरत असेल. चोरी व तोडफोड यांमुळे गोबीने फेब्रुवारी २०१८ मध्येच फ्रान्समधून काढता पाय घेतला. इतरांनीही फार काळ तग धरला नाही. या सायकली गेल्या तरी स्थानकाविना वाहन सोडण्याची सवय आणि त्यासाठी परवानगी मागण्याची गरज नाही हा समज, दोन्ही मागे उरले.

विद्युत् किक-स्कूटर

जून २०१८ मध्ये अमेरिकेतील लाइम कंपनीने पॅरिसच्या रस्त्यांवर विद्युत् किक-स्कूटर आणल्या. फ्रेंचमध्ये या वाहनाला ‘त्रोतिनेत’ म्हणतात. काही आठवड्यांत बर्ड कंपनीही दाखल झाली. कुलूप उघडण्यास १ युरो आणि नंतर प्रत्येक मिनिटाला १५ सेंट असा आरंभीचा दर होता. २०१९ च्या मध्यापर्यंत शहरात सुमारे डझनभर कंपन्या आणि अंदाजे २०,००० किक-स्कूटर झाल्या. त्या वेळच्या वाहतूक नियमांत हे वाहन कोणत्याच वर्गात बसत नव्हते, त्यामुळे ते पदपथावर चालवावे की रस्त्यावर, याचे स्पष्ट उत्तर कायद्यात नव्हते.

पदपथावर आडव्या पडलेल्या किक-स्कूटर वृद्ध, अंध आणि चाकाच्या खुर्चीतून ये-जा करणाऱ्या व्यक्तींना विशेष जाचक ठरल्या. सेन नदीतही अनेक किक-स्कूटर फेकल्या गेल्या. महापालिकेने प्रत्येक वाहनामागे वार्षिक शुल्क, पदपथावर चालविल्यास १३५ युरो आणि वाट अडवून ठेवल्यास ३५ युरो दंड असे उपाय योजले. ऑक्टोबर २०१९ मध्ये राष्ट्रीय वाहतूक नियमांत या वाहनांचा समावेश झाला. त्यानुसार वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर, एका वाहनावर एकच व्यक्ती आणि किमान वय १२ वर्षे असे नियम लागू झाले. किमान वय २०२३ मध्ये १४ करण्यात आले. २४ डिसेंबर २०१९ च्या वाहतूक दिशादर्शक कायद्याने स्थानकाविना सेवांना परवाना व अटी लावण्याचा स्पष्ट अधिकार स्थानिक संस्थांना दिला. सेवा आधी आल्या आणि अधिकार दीड वर्षाने, असा हा उलटा क्रम होता.

२०२० मध्ये निविदेद्वारे लाइम, डॉट आणि टियर या तीन कंपन्यांची निवड झाली. प्रत्येकीला ५,००० याप्रमाणे एकूण १५,००० वाहनांची मर्यादा घालण्यात आली आणि वाहने ठेवण्यासाठी सुमारे २,५०० जागा आखून देण्यात आल्या. जून २०२१ मध्ये सेन नदीकाठच्या रस्त्यावर दोघे स्वार असलेल्या किक-स्कूटरच्या धडकेने एका तरुण इटालियन महिलेचा मृत्यू झाला आणि जनमत अधिक कठोर बनले. त्याच वर्षी शहरातील सुमारे ७०० ठिकाणी वाहनाचा वेग उपग्रहाद्वारे मिळालेल्या स्थानानुसार आपोआप ताशी १० किलोमीटरपर्यंत उतरेल अशी व्यवस्था झाली. २०२२ मध्ये पॅरिसमध्ये किक-स्कूटर व तत्सम वाहनांच्या अपघातांत ३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि ४५९ जखमी झाल्या. या आकड्यांत खासगी मालकीच्या वाहनांचाही समावेश आहे.

२०२३ चे मतदान

परवान्यांच्या नूतनीकरणाचा प्रश्न आल्यावर महापौर इदाल्गो यांनी तो नागरिकांपुढे ठेवला. २ एप्रिल २०२३ रोजी पॅरिसमध्ये भाड्याच्या किक-स्कूटर असाव्यात की नसाव्यात एवढ्या एकाच प्रश्नावर मतदान झाले. ८९.०३ टक्के मते सेवेच्या विरोधात पडली. मात्र १,०३,०८४ नागरिकांनीच मतदान केले. हे प्रमाण नोंदणीकृत मतदारांच्या ७.४६ टक्के होते. मतदान केंद्रावर जाऊनच करायचे होते, त्यामुळे सेवेचा वापर करणारे तरुण मागे राहिले आणि निकालाला वयस्कर मतदारांचे वळण लागले, असा संचालक कंपन्यांचा आक्षेप होता. त्यांनी मतदानाच्या दिवशी ग्राहकांना विनामूल्य फेऱ्या देऊ केल्या होत्या. तरीही त्यांचा पाठिंबा मतपेटीत उतरला नाही. उलट बाजूने असे म्हटले गेले, की कर्कश विरोध आणि उदासीन पाठिंबा हीच या सेवेची खरी सामाजिक स्थिती होती.

निकाल मान्य करण्याचे महापौरांनी आधीच जाहीर केले होते. त्यानुसार ३१ ऑगस्ट २०२३ रोजी परवाने संपले आणि भाड्याच्या किक-स्कूटर शहरातून हटविण्यात आल्या. ही बंदी भाड्याच्या सेवेपुरती आहे. स्वतःच्या मालकीची किक-स्कूटर पॅरिसमध्ये चालविता येते. तिन्ही कंपन्यांनी आपल्या स्थानकाविना विद्युत् सायकली शहरात चालू ठेवल्या, आणि किक-स्कूटरचे बरेचसे ग्राहक त्यांकडे वळले. २०२४ मध्ये टियर व डॉट यांनी विलीनीकरण जाहीर केले. त्याच वर्षी माद्रिदनेही भाड्याच्या किक-स्कूटरचे परवाने रद्द केले.

पर्यावरणावरील परिणाम

या सेवांचे समर्थन बहुधा प्रदूषण कमी होण्याच्या आधारे केले जाते. त्याची कसोटी मात्र वाहन विजेवर चालते एवढ्यावर लागत नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किक-स्कूटरच्या एकूण कार्बन भाराचा बहुतांश हिस्सा निर्मिती आणि चार्जिंगसाठी वाहने गोळा करण्याच्या फेऱ्या यांतून येतो, चालविण्याच्या विजेतून नव्हे, असे आढळले. पॅरिसमध्ये आरंभीच्या काळात स्वतंत्र कंत्राटी माणसे रात्री व्हॅनमधून किक-स्कूटर गोळा करून घरी चार्ज करीत आणि पहाटे परत ठेवीत. वाहने काही महिन्यांतच निकामी होत. पुढे काढता येणारी बॅटरी आल्यावर केवळ बॅटऱ्या बदलणे शक्य झाले आणि वाहनांचे आयुष्यही वाढले.

दुसरा प्रश्न ही फेरी कोणत्या फेरीची जागा घेते हा आहे. फ्रान्समध्ये किक-स्कूटर वापरणाऱ्यांच्या २०१९ मधील पाहणीत, हे वाहन नसते तर चालत किंवा सार्वजनिक वाहतुकीने गेलो असतो असे सांगणाऱ्यांचेच प्रमाण मोठे होते. मोटार सोडून आलेले अल्प होते. सामायिक विद्युत् मोटारींची तुलना मात्र निराळी करावी लागते, कारण त्यांचा वापर करणारे काहीजण स्वतःची मोटार विकतात किंवा विकत घेण्याचे टाळतात.

माहितीचा वापर व गोपनीयता

प्रत्येक वाहन आपले स्थान सतत कळवीत असल्याने या सेवांतून माहितीचा मोठा साठा तयार होतो. वेलिबच्या प्रत्येक स्थानकावर किती सायकली व किती रिकाम्या जागा आहेत ही माहिती खुल्या स्वरूपात तत्काळ प्रसिद्ध होते, आणि कोणीही तिच्या आधारे अॅप बनवू शकतो. महापालिकेला या माहितीवरून वाहनांची संख्या तपासणे, निषिद्ध भाग आखणे आणि सायकल मार्गांचे नियोजन करणे शक्य होते.

परंतु एखाद्या व्यक्तीच्या फेऱ्यांवरून तिचे घर, कामाचे ठिकाण, दवाखाना वा प्रार्थनास्थळ ओळखता येते. युरोपीय संघाचे माहिती संरक्षणविषयक नियम २५ मे २०१८ पासून लागू झाले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी फ्रान्समध्ये ‘क्नील’ हा स्वायत्त आयोग आहे. २०१६ पासून पॅरिसमध्ये बसून चालवायच्या विद्युत् स्कूटर भाड्याने देणाऱ्या सिटीस्कूट कंपनीला या आयोगाने मार्च २०२३ मध्ये १,२५,००० युरोंचा दंड ठोठावला. भाड्याच्या काळात दर ३० सेकंदांनी स्कूटरचे स्थान नोंदविले जात होते. चोरी, अपघात आणि दंडाच्या पावत्या यांसाठी ही नोंद आवश्यक असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. यांपैकी कोणत्याही कारणासाठी ग्राहकाचा जवळजवळ अखंड माग ठेवण्याची गरज नाही, असा निर्णय आयोगाने दिला. सिटीस्कूट त्याच वर्षी आर्थिक अडचणीत सापडली आणि २०२४ च्या आरंभी तिचा व्यवसाय बार्सिलोनाच्या कूल्ट्रा कंपनीकडे गेला.